दिवे लागायच्या आत

एरंडोलच्या पुढे सुपडूने केळीच्या ट्रकला मागे टाकलं, तेव्हा शेजारी बसलेल्या छगनचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"दाजी, तो ट्रक उभा होता का?"

"चालू होता."

"मग आपण त्याच्या पुढे कसे आलो?"

विहिरीच्या कठड्याला धरावं तसं सुपडूने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. आरशात ट्रक लहान होत गेला.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने चालत्या ट्रकला कधी मागे टाकलं नव्हतं. जामनेरला त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक घेऊन येत आणि तो आतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून देई. घाईने गुंडाळलेली तार महिन्यात परत जळते, हे तो पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता, आणि गाडीही त्याच हिशोबाने चालवत आला होता. काटा चाळिसावर. फार तर पंचेचाळीस.

आज काटा सत्तरच्या पुढे होता आणि पावणेपाच वाजले होते.

"किती राहिलं?"

"सव्वाशे किलोमीटर धरा. सूर्य सातला बुडतो. ही चाल ठेवली तर जमतं." छगनने तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली. "तुमची नेहमीची चाल धरली, तर आपण पोचेपर्यंत गावात अखाजीचा झोका बांधून होईल."

छगन एस्टीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. जामनेरात दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. सुपडूच्या बायकोने, पुष्पाने, वीस वर्षं त्याला राखी बांधली होती, म्हणून तो सुपडूला दाजी म्हणायचा. पुष्पा मार्गशीर्षात गेली. डोकं दुखतं म्हणून दुपारी पडली, ती उठलीच नाही. छगनने दाजी म्हणणं सोडलं नाही.

उद्या अखाजी, अक्षय तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी पाण्याची घागर भरतात; पुष्पाची पहिली घागर उद्या भरायची होती. कुंभाराकडून आणलेली घागर सुपडूने दोन दिवस आधीच धुऊन स्वयंपाकघरात पालथी ठेवली होती. आंबे आणले होते. राहिली होती फक्त हेमांगी. त्याची एकुलती एक मुलगी, साक्रीच्या पलीकडे डोंगराकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात दिलेली.

आठवड्यापूर्वी त्याने तिला फोन केला होता. "अखाजीला ये. सकाळची एस्टी आहे ना तिकडून, तिने ये. मी स्टँडवर असतो."

"बरं," ती म्हणाली होती.

काल तो स्टँडवर उभा होता. गाड्या भरून येत होत्या. कडेवर लेकरं, हातात पिशव्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या पोरी उतरत होत्या आणि त्यांचे भाऊ पुढे होऊन पिशव्या घेत होते. धुळ्याच्या दोन गाड्या आल्या. हेमांगी कोणत्याच गाडीत नव्हती. आज सकाळी तो पुन्हा गेला. फोन केला तर तिने उचलला नाही. पाच वेळा केला. शेवटी तीनच्या सुमारास त्याने तिच्या सासूला, बेबाबाईला फोन लावला.

"भाऊ, अंडेर, आपली लेक, काय पार्सल शे का?" बेबाबाई म्हणाली. "एस्टीमा टाकं नि पोचनं?"

"म्हणजे?"

"मूळ कुठं शे? दोन दिवस झाले, पोर ओट्यावर बसून राहिली. कोन्ही उनं नही."

"मी तिला फोन केला होता ना, ये म्हणून."

"फोन तर बँकवाला भी करस."

बेबाबाईने पुढे सांगितलं. मूळ म्हणून माहेरचा कोणी मुराळी न्यायला न येता सून माहेरी धाडली तर गाव काय म्हणेल, पोर नकोशी झाली म्हणून घालवली की माहेरी कोणी राहिलं नाही? आज दिवे लागायच्या आत मूळ आलं, तर ती पोरीला धाडेल. दिवे लागले की सण लागला. सणाला घरची सून ती बाहेर काढणार नाही.

फोन ठेवून सुपडू भिंतीपलीकडे गेला आणि छगनला विचारलं, "छगन, दरवर्षी हेमांगीला आणायला कोण जायचं?"

छगन त्याच्याकडे बघतच राहिला. "अमृत. ताईच्या भावाचा पोरगा, धुळ्याचा. ताई पंधरा दिवस आधी त्याच्या मागे लागायची. सासूसाठी सांजोऱ्यांचा डबा द्यायची. तुम्हाला माहीत नाही?"

सुपडूला माहीत नव्हतं. अखाजी आली की दारात हेमांगी दिसायची. आंब्याच्या दिवसांत आंबा येतो, तशी ती येते, एवढंच त्याला वाटत आलं होतं.

अमृत आता नोकरीला सुरतेला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "फुवा, मला वाटलं या वर्षी दुःखाचं घर आहे, मूळ नसेल." तोवर सव्वातीन झाले होते. छगनने खुंटीवरची टोपी घेतली. "राखी मलाही बांधायची ती. मी मामाच लागतो पोरीचा. बसा गाडीत."

तेव्हापासून सुपडूचा पाय खालीच दाबलेला होता. छगनच्या बायकोचं एक वाक्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. गाडीत बसताना ती दारातून म्हणाली होती, आईमागे पहिल्या अखाजीला लेक आली नाही तर तिची वाट मोडते. वापर नसलेल्या पायवाटेवर गवत वाढतं, तशी.

पारोळा मागे पडलं. रस्ता मोठा, चौपदरी. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने गाड्या सूं करून जात होत्या. सणाच्या सुट्टीला सगळी दुनिया घरी निघाली होती.

"तीस वर्षं गाडी चालवली मी," छगन म्हणाला. भीती वाटली की तो बोलायचा. "जामनेर डेपो, चाळीसगाव डेपो, धुळे, साक्री. एक सांगू? जळगावचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून विचारतो, जाऊ का. धुळ्याचा हॉर्न वाजवून सांगतो, चाललो."

"आणि चाळीसगावचा?"

"त्याला रेल्वे पकडायची असते. नसली तरी तो तसाच चालवतो."

"साक्रीचा?"

"तो हॉर्नच वाजवत नाही. वळणावर दोन्ही हात लागतात, वाजवेल कशाने?"

सुपडूच्या ओठाचा कोपरा हलला. पुष्पा धुळ्याची. लग्नानंतर तीस वर्षं ती गाडीत त्याच्या शेजारी बसून खिडकीतून पुढे जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायची. धुळ्याच्या गाड्यांना एमएच अठरा, जळगावच्या गाड्यांना एकोणीस. अठराची गाडी पुढे गेली की ती म्हणायची, "बघा. अठरा आधी, एकोणीस मागून. मोजता येतं ना तुम्हाला?" गाडी घेतली तीही तिच्याच नावावर. बायकांच्या नावावर पतपेढीत काही सवलत होती. तेव्हा ती म्हणाली होती, गाडी माझी, तुम्ही फक्त तिला अडवता.

छगनचा फोन वाजला. त्याच्या बायकोचा होता. कुठे पोचले, काय खाल्लं, कुरडया तळून ठेवू का. छगन मान वळवून खिडकीकडे तोंड करून बोलू लागला.

समोरून, दुभाजकाच्या पलीकडून येणाऱ्या ट्रकने दिवे दोनदा लावले आणि विझवले. सुपडूला वाटलं, आपले दिवे चालू राहिले. त्याने बटण चाचपलं. दिवे बंदच होते. मागोमाग एका टेम्पोनेही तसंच केलं. सुपडूने बटण दाबून दिवे लावले, पुन्हा बंद केले. रस्ता उताराला लागला होता. पुढचा पट्टा मोकळा होता, आणि त्याने पाय आणखी खाली नेला. इंजिनाचा आवाज असा चढला की एरवी दुकानात असा आवाज आला असता तर त्याने धावत जाऊन खटका पाडला असता.

कडुनिंबाखाली एक पांढरी गाडी उभी होती. टपावर निळा दिवा, मागची काच अर्धी उघडी.

छगनने फोन कानावरून काढला. पांढरी गाडी मागे गेली, तशी त्याची मानही मागे गेली. तोंड उघडंच राहिलं.

"गेलो, दाजी. निघाला फोटो."

"कशाचा?"

"तुमचा. स्पीड मोजायची गाडी होती ती. सणाची तपासणी लावलीये म्हणून पेपरात आलं होतं. समोरच्या कोणी लाइट नाही मारला?"

"मारला. दोघांनी."

"मग?"

"मला वाटलं, आपले दिवे चालू आहेत."

छगनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरोबर आहे. तुम्हाला कोण सांगणार? चाळीसवाल्याला सावध करायला कोण कशाला लाइट मारेल."

"आता काय होतं?"

"काही नाही. मेसेज येतो. दंड भरायचा. थांबायला लागत नाही, चला तुम्ही."

सुपडूने खिशातला फोन काढून छगनकडे दिला. बराच वेळ छगन तो हातात धरून बसला. मेसेज काही आला नाही. धुळं आलं आणि दोघंही ते विसरले.

धुळ्यात चौकाचौकात गर्दी होती. सुपडूला पहिल्यांदाच कळलं की इथे विचारत बसलं तर कोणी जाऊ देत नाही. त्याने हॉर्नवर तळहात ठेवला आणि गाडी घातली. छगन पायांनी, त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहिला.

साक्रीजवळ आले तेव्हा सूर्य डोंगराच्या वर हातभर होता. छगन म्हणाला, जमलं. आणि पुढच्याच वळणावर रस्त्यात हळदीची मिरवणूक आडवी लागली. अखाजीचा मुहूर्त, उद्या घरोघरी लग्नं. पुढे ट्रॅक्टरवर भोंगे, मागे नाचणारी माणसं. सुपडूने हॉर्न वाजवला तर एका पोराने त्यालाच नाचायला बोलावलं.

पंचवीस मिनिटं गेली. सुपडू समोरच्या काचेतून डोंगराकडे बघत होता. सूर्य टेकला, अर्धा झाला, चिंचोक्याएवढा राहिला. मग तोही गेला.

"दाजी," छगन हळू आवाजात म्हणाला, "जाऊन तर येऊ. बेबाबाई काही वाघीण नाही."

"तिने जे सांगितलं ते सांगितलं. ती चूक नाही."

मिरवणूक बाजूला झाल्यावर सुपडूने गाडी पुढे घेतली. आता काटा कुठे आहे ते त्याने पाहिलं नाही. गावाच्या वेशीशी आले तेव्हा खांबावरचे दिवे लागले होते. गल्लीत शिरले. एका घराच्या दारात पिवळा बल्ब, दुसऱ्याच्या खिडकीत ट्यूबलाइट, तिसऱ्या ओट्यावर तुळशीपाशी पणती. माणसं आपापल्या उजेडात बसून गाडीकडे बघत होती.

गल्लीच्या शेवटी हेमांगीचं घर होतं. ते अंधारात होतं. ना बल्ब, ना खिडकीत उजेड, ना तुळशीपाशी काही.

सुपडूने गाडी बंद केली. उतरला नाही. त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"घरात कोणी दिसत नाही," तो म्हणाला.

"असं कसं?"

"देवळात गेले असतील. नाही तर नातेवाइकांकडे. सण आहे." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी काल निघायला पाहिजे होतं."

तेवढ्यात ओट्यावरच्या अंधारातून आवाज आला.

"भाऊ, उतरशात का तिकडेच बसशात? डास चावून राहिले माले."

सुपडू उतरला. डोळे सरावल्यावर त्याला दिसलं, ओट्यावर बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी जावई भूषण उभा होता. पायरीवर, मोठ्या पिशवीवर हात ठेवून, हेमांगी बसली होती. केस विंचरलेले, अंगावर प्रवासाची साडी, पायात चपला.

"लाइट गेली का?" छगनने विचारलं.

"लाइट शे," बेबाबाई म्हणाली. "मी दिवा लावला नही अजून."

पलीकडच्या ओट्यावरची बाई मान लांब करून बघत होती.

"सव्वापाचला हेमांगीचा फोन वाजला," बेबाबाई म्हणाली. "तिचा नही, दुसरा. वाचला नि उठली. म्हने आबा निघाले, पारोळ्याच्या पुढे आले. मी म्हटलं, येऊ दे. साडेसहा झाले, सात झाले. शेजारीण विचारते, बेबाबाई, दिवा नही लावत? मी म्हटलं, वात सापडत नही." तिने पदर सारखा केला. "मूळ कोन शे?"

छगन पुढे झाला. "मी. मामा. पुष्पाताई राखी बांधायची मला."

"मग दिवे लागायच्या आत मूळ उनं," बेबाबाई पलीकडच्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हातपाय धुवा. मुराळ्याला उपाशी धाडत नाहीत आमच्यात."

सुपडूला हेमांगीकडे बघायचं होतं, पण त्याची नजर तिच्या चपलांवरच राहिली.

"मी निघालो, हे कोणी सांगितलं तुला?"

हेमांगीने पदराआडून फोन काढला. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसला. फोनच्या कोपऱ्याला तडा गेलेला होता आणि मागे सप्तशृंगीचं स्टिकर अर्धं निघालेलं होतं. सुपडूने तो लगेच ओळखला. तो फोन घरी कपाटात असेल, असं त्याला वाटत होतं. कपाट त्याने उघडलंच नव्हतं.

"तेराव्याला नेला मी," हेमांगी म्हणाली. "तुम्हाला विचारलं नाही."

"कशाला?"

"आईचा आवाज आहे यात. कुरडयांचं सांगितलेलं, पापडखाराचं. लोणच्यात मीठ किती." ती थांबली. "गाडीच्या कागदावर हाच नंबर आहे. मेसेज इथे आला."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. सुपडूने चष्मा चढवला. गाडीचा नंबर होता. तारीख, वेळ, ठिकाण. वेगमर्यादा ऐंशी. वेग एकशे तीन.

"मला वाटलं, गाडी चोरीला गेली," हेमांगी म्हणाली.

भूषण हसू दाबत म्हणाला, "मला म्हणाली, पोलिसांना फोन करा. आबा एकशे तीननं जाऊच शकत नाहीत."

"मग फोटो उघडला," हेमांगी म्हणाली.

फोटोत गाडी समोरून दिसत होती. काचेच्या आत सुपडू पुढे वाकून बसला होता, नाक जवळजवळ काचेला लागलेलं, भुवया वर. शेजारी छगन तोंड उघडून फोनमध्ये काही सांगत होता.

छगनने खांद्यावरून वाकून पाहिलं. "मी सोडा. तुम्ही बघा. धुळ्याचे दिसता, दाजी."

सुपडू फोटोकडे बघत राहिला. पडदा मंद झाला. हेमांगीने बोट लावून तो पुन्हा उजळला.

"फोन का उचलला नाहीस?" त्याने विचारलं.

"उचलून काय बोलू? या गल्लीतल्या दोघी गेल्या काल. त्यांचे भाऊ आले होते. मी इथेच बसले होते." तिचा आवाज जरा बदलला. "एस्टीने यायला मला काय होतंय, आबा? कॉलेजला असताना रोज येत होतेच ना. पण आई असती तर..." ती तिथेच थांबली.

"मला माहीत नव्हतं गं, मूळ लागतं ते. कोणी येतं, आणतं. मला वाटायचं तू येतेस."

"तुम्हाला माहीत नव्हतं, ते माहीत आहे मला."

"चुकलं माझं," सुपडू म्हणाला.

हेमांगीने मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते त्याला अंधारात कळलं नाही.

आत बेबाबाईने अंधारातच ताट वाढलं. भूषणने मोबाइलचा उजेड धरला. छगन जेवायला बसला. सुपडू ओट्यावरच राहिला. हेमांगीला अजून मूल नव्हतं, आणि मूल होईपर्यंत बापाने लेकीच्या घरी पाणीही घ्यायचं नाही, ही रीत तो पाळायचा. गाडीतली बाटली धुळ्यातच संपली होती. तो ओठांवरून जीभ फिरवत होता.

बेबाबाईने ते पाहिलं. ती पायऱ्या उतरून पलीकडच्या ओट्यावर गेली आणि तांब्या घेऊन आली.

"शेजारच्या घरनं पानी शे. हे तर चाले?"

सुपडूने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. बेबाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"भाऊ, एक सांगू? माझी विहीण यायची नाही, पण तिचा फोन यायचा. अमृत निघाला, अमृत पोचला, अमृतला दही देऊ नका, त्याला खोकला आहे." ती थांबली. "या साली कोन्हाच फोन उना नही. मला बी करमलं नही."

सुपडूने तांब्या पुन्हा उचलला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

छगन हात पुसत बाहेर आला. भूषणने पिशवी गाडीत ठेवली. बेबाबाईने हेमांगीची ओटी भरली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "व्हा बाहेर आता. मला दिवा लावू दे. देव अंधारात बसून शे कवापासून."

हेमांगी पायरी उतरली. ती गाडीत बसली आणि मागे घरात एक पणती लागली, मग बल्ब लागला, आणि ओटा, तुळस, दारात उभी बेबाबाई, सगळं एकदम दिसलं.

छगन आपण होऊन मागे बसला होता. पुढची जागा त्याने हेमांगीला सोडली होती. सुपडूने किल्ली फिरवली.

"दाजी, एक काम करू," मागून छगन म्हणाला. "आरटीओत माझ्या ओळखीचा माणूस आहे. ताईचा नंबर काढून तुमचा टाकून घेऊ. दंडाचे मेसेज तुम्हाला यायला पाहिजेत. दहा मिनिटांचं काम."

सुपडूने गिअर टाकला नाही. हेमांगी फोन दोन्ही हातांत धरून समोर बघत होती.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो, पण मेसेज..."

"तिला येतात ना? येऊ दे."

छगन मागे टेकला. गल्लीतली दोन पोरं गाडीपुढून पळत गेली. सुपडूने त्यांना जाऊ दिलं.

"यात रिचार्ज कोण मारतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. आईनेच मारलेला आहे, वर्षाचा. गेल्या दिवाळीत."

"म्हणजे या दिवाळीपर्यंत आहे."

"नाही ना. यंदा अधिक महिना आहे, दिवाळी उशिरा. तीन आठवडे आधीच संपतो."

सुपडूने आरसा सारखा केला. मग गिअर टाकला आणि गाडी हळूच गल्लीबाहेर काढली.

"मग रिचार्ज मारायला दिवाळीच्या आधीच यावं लागेल मला," तो म्हणाला.